बालहक्क पाळण्याची सोपी पद्धत: नव्या अधिकाऱ्यांसाठी

अभिनंदन! तुम्ही आता बालकल्याण पोलीस अधिकारी झालात. घाबरू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी असावाच लागतो, तेव्हा कुणाच्या तरी गळ्यात ही माळ पडणारच होती.

आधी कपडे. मुलासमोर गणवेशात जायचं नाही, साध्या वेशात जायचं, असा नियम आहे. खाकी पँटवर चौकड्यांचा शर्ट चढवला की नियम पाळला गेला. बूट तेच राहू द्या. मुलगा तसाही तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही, बुटांकडेच बघतो.

मग वेळ. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. नवशिके इथे गोंधळतात आणि खरोखरच घड्याळ बघतात. मुलगा काल दुपारपासून ठाण्याच्या बाकावर बसलेला असला, तरी डायरीत तो आज सकाळी सव्वानऊला 'मिळून आला' पाहिजे. बाक म्हणजे काही लॉकअप नव्हे.

गुन्हा अतिगंभीर नसेल तर एफआयआर नको, डायरीतली नोंद पुरे, असंही नियमात आहे. मात्र सोबत कुणी प्रौढ असेल तर एफआयआर करता येतो. मोबाईलचोरीत अठरा पूर्ण झालेला एखादा मित्र सापडतो का, तेवढं बघून घ्या. बहुधा सापडतो.

वयाच्या पुराव्यात शाळेचा दाखला पहिला, मग पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर हसू नका. गुरुजींच्या कृपेने महाराष्ट्रात कित्येक माणसं १ जूनलाच जन्मली आहेत.

आता खरी कला: सामाजिक तपासणी अहवाल. हे काम परिविक्षा अधिकाऱ्याचं, मुदत पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवस. हे मूल कोण, कुठे राहतं, शाळा का सुटली, घरात त्याचं ऐकणारं कुणी आहे का, हे मंडळाला कळावं म्हणून हा कागद. त्याच्या आधारे मुलाचं पुढचं ठरायचं असतं, म्हणून तो जपून लिहावा, म्हणजे मागच्या फाईलीतून उतरवावा. 'वडील व्यसनी. आई धुणीभांडी करते, मुलाकडे लक्ष नाही. वाईट संगत.' ही तीन वाक्यं कुठल्याही झोपडपट्टीला लागू पडतात. आई पहाटे पाचला उठून चार घरची भांडी घासते ती याच मुलाच्या फीसाठी, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही. पत्ता पारधी वस्तीचा असेल तर काम आणखी हलकं. तिथले रकाने गुन्हेगार जमाती कायद्यानेच भरून ठेवलेत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शाई अजून वाळलेली नाही. मुलगा बंगल्यातला असेल तर मात्र 'हुशार, एकलकोंडा, क्षणिक आवेगात' असं लिहावं. आवेग फक्त सोसायटीत येतो, वस्तीत येते ती प्रवृत्ती.

जामिनाचं कलम १२ वाचून दचकू नका. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हा नियम आणि अडकवणं हा अपवाद. जामीनदार हवाच असंही नाही, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीही सोडता येतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव गेले, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. पण त्या गदारोळात एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: जामिनाची हीच तत्परता भंगार वेचणाऱ्या पोराच्या वाट्याला का येत नाही? त्याच्यासाठी कुणी जामीनदार उभा राहत नाही, वकील तारखेला येत नाही, आणि मंडळाला त्याच्या घरी परत जाण्यात 'नैतिक धोका' दिसतो. त्या प्रकरणातून आपल्या खात्यांनी धडा घेतला तो एवढाच, की यापुढे सगळ्यांशीच कडक वागायचं. तुम्हीही तोच घ्या, सोपा पडतो.

मंडळाची बैठक कोर्टासारखी दिसू नये, सदस्यांनी उंच मंचावर बसू नये, मधे कठडा नसावा, असं नियम सांगतात. टेबल खाली घ्या. समोर मुलासाठी खुर्ची ठेवा, तिच्यावर फाईली रचा. मुलगा आपोआप उभा राहील.

चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर कायद्याने ती आपोआप बंद होते. हे मुलाच्या आईला सांगायचं की नाही, याबद्दल नियम गप्प आहेत, तेव्हा आपणही.

शेवटचा टप्पा कलम २४. दोष सिद्ध झाला तरी मुलाला पुढे कसली अपात्रता चिकटू नये, आणि ठरलेला काळ उलटल्यावर नोंदी नष्ट कराव्यात. अपवाद आहे तो प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मोठ्या मुलांचा. बाकीच्यांच्या नोंदी जरूर नष्ट करा. फक्त त्याआधी एक झेरॉक्स काढून ठेवा. पुढे हा मुलगा नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज घेऊन येईल, तेव्हा हवालदाराला शोधाशोध नको.