गप्पी, मलकापूरकर आणि इतर दुर्मिळ मंडळी

पावसाळा लागला की कराडच्या मलकापुरात आरोग्य सेवक दारावर येतो. पिंपात डोकावतो, कूलरमधलं पाणी ओतायला लावतो, आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा म्हणून बजावतो आणि जवळपास विहीर, हौद किंवा न हटणारं डबकं असेल तर त्यात पिशवीतून पेरापेराएवढे मासे सोडतो. हे गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात. एवढंसं तोंड सारखं उघडझाप करतं म्हणून त्यांना गप्पी म्हणत असावेत, असा आपल्याकडचा सर्वसाधारण समज आहे आणि आरोग्य खात्याला तो दुरुस्त करायला सवड नाही. वास्तविक गप्पी हे आडनाव आहे. तेही इंग्रजी, आणि इंग्लंडातसुद्धा शोधावं लागेल इतकं दुर्मिळ.

या आडनावाचं मूळ इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या डॉर्सेट परगण्यात आहे. तिथं वूटन फिट्झपेनच्या शिवारात गप्पी नावाचं वाडीएवढं ठिकाण आहे. वाडी लहान, तिथून बाहेर पडणारी माणसं मोजकी, म्हणून आडनावही मोजकंच राहिलं. पण मोजक्या माणसांनी उद्योग भरपूर केले. ब्रिस्टलच्या सारा गप्पी या बाईंनी 1811 मध्ये पुलाच्या पायासाठी खांब रोवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बाईमाणसाच्या नावावर घरदेखील चढत नसे त्या काळातली ही गोष्ट. त्यांचा मुलगा थॉमस, ब्रुनेल या नामांकित इंजिनियरच्या खांद्याला खांदा लावून आगबोटी बांधत होता. डिकन्सनं आपल्या एका कादंबरीत वकिलाच्या कारकुनाला हे आडनाव देऊन टाकलं. आता कादंबरीकारानं कारकुनाला आडनाव दिलं की ते भारदस्त राहत नाही, हे चिं. वि. जोश्यांच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

मासा मात्र आला त्रिनिदादहून. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी नावाचे गृहस्थ तिथं शाळा खात्यात होते. शाळाखात्यातल्या माणसाला तपासणीच्या निमित्तानं ओढे-नाले ओलांडावे लागतातच. गप्पीसाहेबांनी तिथले चिमुकले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये तिथल्या अल्बर्ट ग्युंथर यांनी त्या माशाला गप्पींचं नाव दिलं. मागाहून उमगलं की विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं तोच मासा 1859 मध्येच नोंदवून ठेवला होता. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पीटर्सनं दिलेलं नाव टिकलं, गप्पींचं गेलं. पण नियम पुस्तकात राहिला आणि लोकांच्या तोंडात गप्पी बसलं ते बसलंच. परिणाम असा की, डॉर्सेटमधल्या मूठभर घरांचं आडनाव आज जगातल्या उष्ण देशांत विहिरीविहिरीतून पोहतंय. एकाही गप्पीनं त्यासाठी वंश वाढवण्याचे विशेष कष्ट घेतलेले नाहीत.

गंमत पुढेच आहे. इंग्लंडातल्या आडनावांचा भूगोल पहिल्यांदा शिस्तीत मांडला तोही एका गप्पीनंच. हेन्री ब्रॉम गप्पी हे आरमारातले डॉक्टर, सॉलोमन बेटांवर खडक आणि वनस्पती तपासून आलेले. 1890 मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या आडनावांची मुळं शोधणारं जाडजूड पुस्तक काढलं. त्यांची युक्ती साधी होती. परगण्यांच्या छापील निर्देशिका घ्यायच्या आणि त्यातले फक्त शेतकरी मोजायचे. व्यापारी आज इथं, उद्या तिथं. शेतकरी बांध सोडून जात नाही. मोजणी झाल्यावर दिसलं की, पुष्कळशी आडनावं शेकडो वर्षं एकाच परगण्यात घट्ट बसून आहेत. इंग्रजी दुर्मिळ आडनावाचा माणूस भेटला, तर त्याचा परगणा बऱ्यापैकी अंदाजानं सांगता येतो. आडनावाचा उच्चार सांगता येईलच असं नाही. फेदरस्टनहॉ असं ऐसपैस लिहिलेलं आडनाव तिथली काही घराणी फॅनशॉ असं म्हणतात, आणि चोल्मोंडेली लिहून चमली वाचतात. मोडी वाचणाऱ्यांना यात काही नवल वाटू नये.

आता गप्पींची ही युक्ती घेऊन कराड तालुक्यात उतरावं. समजा, मलकापूरकर आडनावाचे एक गृहस्थ आपलं मूळ शोधायला पुण्याहून निघाले आणि ढेबेवाडी फाट्यावर एसटीतून पायउतार झाले. चहाच्या गाड्यावर चौकशी सुरू होते.

"काय पाव्हणं, कुणाकडं?"

"कुणाकडे असं नाही. मी मलकापूरकर."

"मग गावचंच की वो! आडनाव काय?"

"मलकापूरकर."

"आवो, ते कळलं. आम्ही बी मलकापूरचंच हाय. आडनाव इचारतोय."

"तेच आडनाव आहे."

यावर गाडेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो, दुसरं गिऱ्हाईक पाहुण्याकडे बघतं आणि चहात साखर जरा जास्त पडते. गावात गावाचं आडनाव लावणारा माणूस संशयास्पदच. मलकापुरात राहणाऱ्याला मलकापूरकर म्हणायचं कारण काय? तो चार कोस लांब जाऊन स्थिरावला, तिथल्या लोकांनी "ते मलकापूरकर आले होते" असं दोन पिढ्या म्हटलं, की मग ते चिकटतं. म्हणजे गप्पीसाहेबांचा शेतकरी इथं कामाचा नाही. जो बांधावर बसून राहिला त्याला 'कर' लागलाच नाही. ज्यानं गाव सोडलं त्यालाच लागला. आडनावावरून माणूस कुठे सापडेल हे आपल्याकडे सांगता येत नाही. कुठे सापडणार नाही, एवढं बऱ्यापैकी सांगता येतं.

त्यात पाहुण्यांच्या मागे आणखी एक शुक्लकाष्ठ आहे. हेच मलकापूर कशावरून? कोल्हापुराहून आंबा घाटाकडे जाताना शाहूवाडी तालुक्यात एक मलकापूर लागतं, विशाळगडकरांच्या जहागिरीचं गाव. बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर मुंबई-नागपूर रेल्वेवर आहे आणि स्टेशनच्या पाटीमुळे तेच जास्त लोकांनी वाचलेलं आहे. तेलंगणातही मलकापुरं आहेत. कराडचं मलकापूर चोवीस तास मीटरनं पाणी देतं म्हणून नगरपालिकांच्या मंडळींत प्रसिद्ध, पण त्याचा वंशावळीला उपयोग नाही. पाहुण्यांनी चहा संपवून आगाशिवची लेणी बघून घ्यावीत, हे उत्तम. खेप अगदीच वाया जायला नको.

या मुलखात असे उलटे नमुने पावलोपावली आहेत. कराडपासून जवळच कृष्णेकाठी टेंभू आहे. उपसा सिंचन योजनेमुळे हल्ली ते सगळ्यांना ठाऊक झालंय. गोपाळ गणेश आगरकर जन्मले ते इथं, 1856 मध्ये. नावात आगर, जन्म टेंभूत, कर्तृत्व पुण्यात. मिरजकर म्हणून जे गाजले ते शां. सा. मिरजकर कम्युनिस्ट पुढारी, मीरत खटल्यातले आरोपी आणि पुढे 1958 मध्ये मुंबईचे महापौर. मिरजेत मिरजकर नावाचा बोलबाला होण्याची शक्यताच नव्हती. तिथं सगळेच मिरजेचे.

मग गावात राहिलेल्यांचं काय? त्यांच्या वाट्याला पाटील आलं. सांगली-साताऱ्यात पाटील हे आडनाव आडनावाचं कुठलंच काम करत नाही. गाव तिथं पाटील, आणि पाटील म्हणजे मुळात हुद्दा. त्यामुळे पाटील या शब्दावरून माणसाचं मूळही कळत नाही आणि पत्ताही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं मूळ आडनाव पिसाळ. पत्री सरकारची दहशत बसली ती नाना पाटील या नावानं, पिसाळ मागे राहिलं. आता एवढे पाटील एकमेकांपासून वेगळे करायचे तर कसे? सांगली जिल्ह्यानं त्यावर नात्यांचा तोडगा काढला. पद्माळ्याचे पाटील ते वसंतदादा, कासेगावचे ते राजारामबापू, अंजनीचे ते आर. आर. आबा. दादा, बापू आणि आबा म्हटलं की मतदाराच्या डोक्यात कसलाही गोंधळ उरत नाही. साखर कारखान्यांच्या पाट्यांवरही दादा-बापूच ठळक. आडनाव आपलं शेवटी, रीत म्हणून.

कराड दक्षिणमध्ये तर पाटलाला गावाचं शेपूट जोडावं लागलं. विलासराव पाटील उंडाळे गावचे. 1980 पासून 2014 पर्यंत सलग सात वेळा आमदार, पण तालुक्यात त्यांना पाटील म्हणून कुणी ओळखत नव्हतं. विलासकाका उंडाळकर म्हटलं की पुरे. दाखल्यावर पाटील, लोकांत उंडाळकर. आडनाव जन्माला कसं येतं, हे बघायला इतिहासाचार्य राजवाड्यांकडे जायची गरज नाही. कराडच्या बाजारात उभं राहिलं तरी चालतं.

गप्पींच्या माशासारखी चाल मात्र या भागात तीन आडनावांनी केली. किर्लोस्कर मूळचे कोकणातल्या किर्लोसचे. तिथून निघून घराणं बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरला गेलं. 'कर' लावायची रीत आणखी दोन पिढ्या रेंगाळली असती तर मराठी शेतकऱ्याला गुर्लहोसूरकरांचा नांगर विकत घ्यावा लागला असता, आणि ते नाव पत्र्यावर मावलं असतं की नाही याची शंकाच आहे. सौभद्रकर्त्या अण्णासाहेबांनी हे आडनाव नाटकाच्या जाहिरातींवर नेलं आणि लक्ष्मणरावांनी लोखंडावर. औंधच्या राजांनी जागा दिली, 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा गाव! आता त्या वाडीतला कुणी बाहेरगावी स्थायिक झाला आणि लोकांनी त्याला रीतीप्रमाणे किर्लोस्करवाडीकर म्हटलं तर बिचाऱ्यानं अर्जाच्या चौकोनात ते बसवायचं कसं? शेतकऱ्यानं ही अडचण कधीच सोडवली आहे. तो विहिरीवर पंप बसवत नाही, 'किर्लोस्कर' बसवतो.

त्याच रेल्वेवर वर कराडच्या बाजूला ओगलेवाडी. 1916 मध्ये ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. प्रभाकर कंदील घराघरांत टांगला गेला, आणि कराडचं रेल्वे स्टेशन ज्या वस्तीत आहे तिला ओगल्यांचं नाव पडलं. ओगले हे काही शिंदे-जाधवांसारखं गावोगाव मिळणारं आडनाव नव्हे. कराडच्या गाडीला जाणारा प्रत्येक प्रवासी मात्र ते रिक्षावाल्याला सांगतो.

तिसरं आडनाव अस्सल इंग्रजी, साताऱ्याचं. कूपर. इंग्लंडात कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर, आणि तिथं ते चिक्कार. साताऱ्यात कूपर म्हटलं की एकच नाव पुढे येतं, ते धनजीशा कूपर या पारशी उद्योजकाचं. पारशांनी इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, रेडीमनी अशी आडनावं इंग्रजी अमदानीत बेधडक लावली, त्यातलंच हे. कूपरांनी पिंप काही केलं नाही; लोखंडी नांगर केले. रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर खपवत आणि पुढे कूपरांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. म्हणजे एका पाटलानं दोन दुर्मिळ आडनावं शेताच्या बांधावर नेऊन पोचवली. धनजीशा 1937 च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान झाले आणि जुलैत पायउतार झाले. साताऱ्याच्या माणसाला ते तीन-साडेतीन महिने आठवत नाहीत, नांगर आठवतो.

साताऱ्याच्याच एका शाळेच्या रजिस्टरात या विषयातली सर्वांत मोठी नोंद आहे. इथं थट्टा थांबते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 1914 या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर असं नाव चढलं. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. त्याचं आंबेडकर कसं झालं याची, त्या आडनावाच्या शिक्षकांची हकिकत सांगितली जाते. राज्यात आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका ओळीत उतरलेलं आडनाव पुढे विद्यापीठांना, रस्त्यांना, वसाहतींना मिळालं आणि लाखो घरांच्या भिंतीवर गेलं.

शाळेच्या रजिस्टरानं एक गोष्ट कायमची केली. त्याआधी आडनाव माणसाबरोबर हिंडत होतं, बदलत होतं. दाखला आला आणि ते जागच्या जागी थिजलं. पाटण-ढेबेवाडी खोऱ्यातून हजारो माणसं माथाडी कामाला मुंबईत गेली, गावाच्या नावाच्या खोल्यांत राहिली, तरी कुणी ढेबेवाडीकर झाला नाही. जाताना खिशात दाखला होता. आता आडनाव बदलायचं तर शासकीय राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि एवढा खटाटोप करून कुणी नवं 'कर' लावून घेत नाही. नवी भरती बंद आणि जुनी मंडळी गळतीला. फ्रान्सिस गाल्टननं 1873 मध्ये हेच कोडं मांडलं होतं आणि वॉटसन नावाच्या पाद्री गणितज्ञानं सोडवलं होतं: आडनाव फक्त मुलांकडून पुढे जातं असं धरलं तर थोडक्या घरांचं आडनाव बुडण्याचीच शक्यता जास्त. मलकापूरकरांच्या घरात एका पिढीत नुसत्या मुली झाल्या, की तेवढी एक शाखा संपली. मुलींनी माहेरचं आडनाव चालवायला आता कायद्याची आडकाठी नाही, हे गाल्टनला माहीत असायचं कारण नव्हतं. आपल्याला आहे.

तेव्हा घरात आजोबा-पणजोबांचा दाखला, खरेदीखत किंवा मोडीतला कागद असेल, तर तो लॅमिनेशनवाल्याच्या गरम यंत्रात घालण्याआधी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा आणि त्यातलं आडनाव, गाव, तालुका वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवावं. तालुका विसरू नये. मलकापुरं पुष्कळ आहेत.