सूर्यालाही पाळी लावा

कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा-रात्री वीज देणाऱ्या दूरदृष्टीचा वाशीम जिल्ह्याने जाहीर सत्कार करावा. तिच्यामुळेच रिसोड-मालेगावच्या शिवारात हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री निघतो, कपाळाला चार्जिंगची बॅटरी बांधून. आतला १८६५० सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास. स्वस्तातल्यावर मात्र बिनधास्त ९,९०० छापलेलं असतं. (निवडणुकीचा जाहीरनामा याच छापखान्यात निघत असावा.) उजेड विझेपर्यंत साप दिसतो, पुढे अंदाज.

एकच नम्र सूचना: सूर्यालाही पाळी लावावी, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. बॅटरीचा खर्च वाचेल. तोवर ती चार्जिंगला लावून ठेवावी, गावात लाइट आली की.