नळीपंथी

टर्बो गाडीत सिलिंडरमधून सुटणारे तापलेले वायू गोळा करून टर्बोकडे धाडणारा मॅनिफोल्ड दोन तऱ्हेचा असतो. एक बिडाचा, ओतीव; दुसरा स्टेनलेस स्टीलच्या नळ्या जोडून केलेला. नळीपंथी हा दुसऱ्याचा उपासक. हा जीव पुणे परिसरात मुबलक आढळतो आणि कंपनीच्या मॅनिफोल्डला ‘डबा’ म्हणतो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. बिडाचा मॅनिफोल्ड जड आणि आखूड असतो. त्यात चारही सिलिंडरचे वायू एकाच बोळात घुसून एकमेकांची वाट अडवतात. सारख्या लांबीच्या नळ्यांतून प्रत्येक झोत आपल्या वेळेला टर्बोवर पोचतो आणि वरच्या आरपीएमला गाडी मोकळी पळते. हे सिद्धान्तन लग्नाच्या पंगतीतही चालतं. १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम समजावताना तो शेजारपाजारच्या मठ्ठ्याच्या वाट्या हलवतो. तिसऱ्या वाटीच्या मालकीणबाई मग जेवण संपेपर्यंत आपला मठ्ठा शोधत असतात. लांब नळ्यांत वायू वाटेतच थोडे निवतात आणि टर्बो जागा व्हायला उशीर लागतो, हा भाग मात्र पंगत उठेपर्यंत येत नाही.

खरी परीक्षा उष्णतेची. पेट्रोल इंजिनात हे वायू ९०० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतात. तेवढ्या तापात ४० सेंटिमीटरची स्टेनलेस नळी पाचेक मिलिमीटर लांबते, गार झाली की आखडते. वर टर्बोचं वजन लटकलेलं. आधाराची पट्टी ‘उगाच वजन’ म्हणून त्यानेच काढलेली. वेल्डिंगपाशी केसासारखी चीर पडते, बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते आणि आर्गॉनवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात. तापून निळ्या-सोनेरी झालेल्या नळ्यांचे फोटो तेवढे आधीच काढून झालेले असतात. पुढे उष्णता आत राहावी म्हणून तो त्यांना पट्ट्या गुंडाळतो. त्याने रंग झाकला जातो आणि धातू आणखी तापतो.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत हयात घालवलेले त्याचे मामा सिलिकॉन-मॉलिब्डेनमच्या बिडाचे गुण सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. “किती दिवस टिकलं रे?” एवढंच विचारतात.

अलीकडे पंथावर वेगळंच संकट आलं आहे. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, भोवती थंडाव्याचं पाणी खेळतं. बदलायला सुटा भागच नाही. नळीपंथी अशी गाडी बघून येतो, तिची तारीफही करतो आणि जुनी ऑक्टाव्हिया १.८ टर्बो घेतो.