अनोळखी तळ्याचा जाणकार

पुण्याच्या दक्षिणेस, सातारा रस्ता घाटाला भिडण्यापूर्वी लागणाऱ्या कात्रज परिसरात जे मनुष्यप्रकार आढळतात, त्यांपैकी ‘अनोळखी तळ्याचा जाणकार’ या प्रकाराकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गळ टाकून मासे धरणे हा त्याचा छंद समजला जातो. परंतु बारकाईने पाहता मासे धरणे हे त्या छंदाचे आनुषंगिक अंग असून, मासे कोठे असतील हे इतरांना सांगणे हे त्याचे मुख्य अंग होय. वयाने तो पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, मासळीशी सुतराम संबंध नसलेल्या खात्यात नोकरी करतो आणि रविवारी पहाटे घडीची काठी पाठीला लावून निघताना पत्नीला मसाला वाटून ठेवण्यास बजावतो. पत्नी मसाला वाटते; मात्र अनुभवान्ती तो अंड्यांनाही चालेल असाच वाटते.

घराजवळचे पाणी या जाणकाराला वर्ज्य असते. कात्रजचा तलाव अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, शहराच्या पाण्यासाठी सिद्ध झाला आणि तेथून भूमिगत नळाने शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत पाणी नेण्यात आले. नळातील हवा मोकळी व्हावी आणि आत उतरून सफाई करता यावी म्हणून वाटेत ठेवलेल्या दगडी झरोक्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. या तलावातील सर्वांत थोर मागूर माशाचे घराणे पेशवाईपासून त्याच नळात वास्तव्य करून आहे, असा जाणकाराचा सिद्धान्त असून, तो खोडून काढायचा तर प्रथम नळात उतरावे लागत असल्यामुळे आजतागायत अबाधित राहिला आहे. तथापि तलावाच्या परिसरात पहाटे फिरायला येणारा प्रत्येक जण त्याला ओळखतो आणि ‘काय, लागलं का काही?’ असे विचारतो, ही परिस्थिती संशोधनास पोषक नव्हे. म्हणून तो भिलारेवाडी, जांभूळवाडी ही जवळची नावेही टाळून घाटापलीकडच्या अशा पाण्याकडे वळतो, जेथे त्याचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक नसतो.

त्याचे लक्ष्य नेहमी मागूरच असते. मागूर हा खवले नसलेला, तोंडाभोवती चार जोड्या मिशा असलेला मासा होय; या मिशांवर चव ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असल्याने तो गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या काळोखातही अन्न हुडकतो, आणि कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असल्यामुळे इतर मासे तगणार नाहीत अशा चिखलातही तग धरतो. अर्थात उथळ, गाळाच्या आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या कडेला त्याला शोधावे, हे कोणताही भोई सांगेल. परंतु जाणकाराचे शिक्षण भोयांकडे न होता भ्रमणध्वनीवर, आणि तेही मिनेसोटा या अमेरिकी राज्यातील गोठलेल्या तळ्यांच्या चित्रफितींवर झालेले असते.

त्या प्रदेशात हिवाळ्यात तळ्यांवर माणसाचा भार पेलणारा बर्फाचा थर धरतो. चालण्यासाठी तो किमान चार इंच असावा असा तेथील दंडक आहे. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड होऊन तळाशी बसते, त्यामुळे वर बर्फ असला तरी खाली पाणी राहते, आणि मागुराचे तिकडचे मिशाळ भाईबंद थंडीने सुस्तावून खोल डोहांत दाटीने गोळा होतात. अनोळखी तळ्यावर गेलेला तिकडचा गळकरी म्हणूनच आधी खोलीचा नकाशा पाहतो, उतार जेथे एकदम तुटतो तेथे गिरमिटाने ओळीने भोके पाडतो, ध्वनिलहरींच्या यंत्राने मासा हेरतो आणि आमिष अगदी मंद हलवतो. ही सगळी पद्धत त्या हवेत तर्कशुद्ध आहे. कात्रजच्या जाणकाराने तिच्यातून केवळ बर्फ तेवढा वगळलेला असतो.

प्रत्यक्ष कार्यपद्धती पुढीलप्रमाणे असते. पोहोचताच तो पाण्याकडे न पाहता भ्रमणध्वनीवरील उपग्रहचित्राकडे पाहतो आणि ‘डोह मध्यात आहे’ असा निर्णय देतो. नंतर डब्यातून कोंबडीची आतडी काढून गळाला लावली जातात, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनी दोरा, शिशाच्या वजनानिशी शक्य तितका दूर भिरकावला जातो, आणि काठीच्या टोकाला घुंगरू बांधले जाते. घुंगरू वाजले की मासा लागला असे शास्त्र आहे. परंतु ते वाऱ्यानेही वाजते, आणि जाणकाराच्या कथनातील निम्मे मासे या वाऱ्यानेच लावलेले असतात. अशा जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचा माणूस विचारपूस करण्यास येतो, जाणकाराच्या पिशवीत डोकावतो आणि परवानगीचा मुद्दा न काढताच परत जातो.

अशा वेळी ओढ्याच्या मुखाशी बांबूची काठी घेऊन बसलेला एखादा मुलगा ‘काका, तिथं नुसता खडक हाय. मागूर हिकडं, वड्याच्या तोंडाला’ असे सांगतो आणि सांगता सांगता वीतभर मागूर बाहेर काढतो. कात्रजचा घाट शत्रूला दाखवावा ही मराठी मुलखाची रीत. येथे तो मुलगा खुद्द कात्रजकराला मासा दाखवतो. पण जाणकार विचलित होत नाही. तो मासा हाती घेऊन हा आफ्रिकन मागूर असल्याचे जाहीर करतो, स्थानिक मासे फस्त करणाऱ्या या परदेशी जातीच्या पैदाशीवर भारतात २००० साली बंदी आली असून २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही त्याबाबत आदेश दिले आहेत अशी माहिती पुरवतो, आणि आपल्या गळाला असे मासे लागत नाहीत, ते का, हे त्या मुलास समजावतो. मुलगा ऐकत असतो. मासा मात्र परत घेतो.

या प्रकाराच्या स्वभावाचे मर्म येथेच आहे. ओळखीच्या पाण्यात ज्ञानाचा हिशेब मागितला जातो, अनोळखी पाण्यात ते खर्चून दाखवता येते. म्हणून एखाद्या तळ्याची माहिती झाली की त्याला ते तळे निरुपयोगी होते. मिनेसोटात स्थायिक झालेली त्याची लेक त्याला जानेवारीत बोलावते, जावई गिरमिट आणून ठेवतो. परंतु ‘थंडी सोसत नाही’ या कारणास्तव उभयता पतिपत्नी जूनमध्येच जातात आणि बर्फ पडण्याआधी परततात. तेथील तळ्याकाठी बसून हा गृहस्थ हिवाळ्याविषयी अवाक्षर काढत नाही, कारण शेजारी बसलेल्यांचा जन्म त्याच बर्फावर गेलेला असतो. त्यांना तो कात्रजच्या नळातील पेशवेकालीन मागुराविषयी सांगतो, आणि ते लोक विलक्षण आदराने ऐकतात.