उपाहारगृह आणि त्याला जोडून संग्रहालय

रिकाम्या पोटी कला दिसत नाही, हे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) पहिले संचालक हेन्री कोल यांना वेळेवर कळले. 1860च्या दशकात त्यांनी उपाहारासाठी तीन दालने सजवायला घेतली. एक विल्यम मॉरिसच्या तेव्हा नवख्या कंपनीकडे, एक जेम्स गॅम्बलकडे, एक एडवर्ड पॉइंटरकडे. पॉइंटरच्या दालनातल्या निळ्या फरशा कलाशाळेतल्या विद्यार्थिनींनी रंगवल्या. चॉप भाजायची लोखंडी शेगडीसुद्धा पॉइंटरच्याच आराखड्याची. थोडक्यात, शेगडीची वंशावळ तोंडपाठ. तिच्यासमोर घामाघूम होणाऱ्याचे नाव मात्र विचारायचे नाही.

मेन्यूलाही वर्ग होते, आगगाडीसारखे: पहिला, दुसरा आणि कामगारांसाठी तिसरा. कला सर्वांसाठी, कटलेट ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे!

1988मध्ये तर संग्रहालयाने जाहिरातच केली: आमचे उपाहारगृह झकास, सोबतचे संग्रहालयही बरे आहे. जाणकारांना मिरच्या झोंबल्या. मुदपाकखान्यातल्यांना कसे वाटले, हे विचारायचे कुणाला सुचले नसावे. तेही बहुधा बशा विसळण्यात गुंतले असतील.