नऊ शिट्ट्यांची डाळ

आमच्या दाजींच्या घरी पानात आधी भाव वाढतात, मग भात.

तुम्ही हातपाय धुऊन बसता. आक्का वरण वाढते, वर तुपाची धार सोडते. पहिला घास तोंडात जाईपर्यंत दाजी गप्प असतात. तेवढा पाहुणचार त्यांच्यात आहे. घास गिळायच्या आत मात्र सुरू होतं. तूर महागली होती त्या सालचं ऐका. "ही तूर अठ्ठ्याण्णवची, बरं का पाव्हणं. आज दुकानात एकशेसत्तर." मग माझ्या वाटीकडे निरखून बघतात. "वाटीला तीस ग्रॅम डाळ धरा. एका वाटीमागं दोन रुपये सुटले. तुम्ही तिसरी घेताय, म्हणजे सहा." त्यानंतर चौथी वाटी मागायची हिंमत फक्त जावयात असते, मेव्हण्यात नसते.

दाजी जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. रिटायर झाले आणि धाराशिवात दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. दोन खोल्या हे आपलं नगरपालिकेला सांगायला. एका खोलीत आक्का आणि दाजी राहतात, दुसरीत तूर, हरभरा, गहू, ज्वारी, साखर, गूळ, शेंगदाणे आणि करडीच्या तेलाचे डबे. पाहुणा आला की तो तुरीच्या खोलीत झोपतो. मी झोपलोय. रात्री कूस बदलली की कडुनिंबाचा पाला कुरकुरतो, पहाटे कानात एखादा सोंडा शिरतो आणि दिवसभर अंगाला पाऱ्याच्या गोळ्यांचा वास येत राहतो.

वर्षाचं धान्य भरणारी माणसं आपल्याकडं काही नवी नाहीत. उन्हाळ्यात गहू उन्हात घालायचा, तुरीला एरंडेलाचा हात लावायचा, येसर करून बरणीत भरायचं, हे घरोघरी चालतं. जुन्या वाड्यांत भिंतीतच बळद असे, गावात जमिनीखाली पेवं असत. पण ते लोक खाण्यासाठी साठवत. आमचे दाजी चढण्यासाठी साठवतात. 'किराणा' म्हटलेलं त्यांना खपत नाही, 'स्टॉक' म्हणायचं. शेअरबाजाराला ते जुगार म्हणतात, एफडीला सुस्ती म्हणतात आणि म्युच्युअल फंडाची जाहिरात लागली की टीव्हीचा आवाज बंद करतात. "कंपनी बुडाली तर कागद चावून खाणार का? माझी तूर बुडाली तरी वरण होतंय."

आता ही गुंतवणूक वसूल कशी होते, हे नीट समजून घ्या. मला समजायला अकरा वर्षं लागली.

डाळीचा भाव चढला, तर ती खायची नाही. का? तर आत्ता खाल्ली की परत भरताना चढ्या भावानं घ्यावी लागेल. भाव उतरला, तरी खायची नाही. का? तर महाग घेतलेला माल स्वस्ताईत खाणं म्हणजे तोटा. मग खायची कधी? तर ती खराब व्हायच्या बेतात आली की. त्यासाठी दाजींचा कायदा आहे: जे आधी आलं ते आधी जाईल. प्रत्येक पोत्याला खडूनं तारीख घातलेली असते, शाळेतल्या फळ्यावर असायची तशीच, उजव्या कोपऱ्यात. परिणाम असा की त्या घरात नवा तांदूळ आजवर कधी शिजलेला नाही. नवा येतो, रांगेत मागं उभा राहतो आणि पुरता म्हातारा झाल्यावर त्याचा नंबर लागतो. बँकेत माणसाचं खातं असतं, दाजींच्या घरात कुणी खातं का, हा प्रश्न आहे.

आणि जुनी डाळ शिजत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. जितकी जुनी, तितकी हट्टी. त्यामुळं दाजींच्या घरी डाळीचं वय कुकरच्या शिट्ट्यांवर मोजतात. शेजारपाजारच्या बायकासुद्धा मोजतात. चार शिट्ट्या झाल्या तर औंदाची. सहा झाल्या तर मागच्या सालची. नऊ झाल्या की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, "आक्का, लॉकडाऊनची काढली का गं?"

दाजींची सेवा बरीच वर्षं तेरला झाली, आणि हा सगळा रोग तिथलाच, असं माझं मत आहे. तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. तेरचं संग्रहालय दाखवायला पोरांना नेता नेता दाजींना साक्षात्कार झाला की आपण त्याच व्यापाऱ्यांच्या मातीतले. फरक इतकाच की तगरचा माल भडोचला जायचा. दाजींचा पलंगाखालून माळ्यावर जातो आणि माळ्यावरून परत पलंगाखाली.

त्यांचा सगळ्यात मोठा व्यवहार 2015 चा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली होती. शहाणी माणसं त्या महिन्यात मुगावर आली. दाजींनी एकशेनव्वदनं चाळीस किलो डाळ घेतली. "तीनशे होणार. लिहून ठेवा." त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, वहीत, लाल शाईनं. पुढं पाऊस बरा झाला, सगळ्यांनीच तूर पेरली, आणि 2017 च्या उन्हाळ्यात हमीभाव क्विंटलला 5050 असताना मोंढ्यात तूर चार हजारांच्या आसपास विकली जात होती. खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, शेतकरी पोत्यांवरच झोपले. दाजी रोज वर्तमानपत्रात भाव बघत आणि वही मिटत. आक्का एवढंच म्हणाली, "आवं, डाळ घेतली त्या साली तोळा सव्वीस-सत्तावीस हजारांच्या घरात होता." दाजींनी उत्तर दिलं नाही. 2025 साली सोनं लाखावर गेलं. डाळ त्या वर्षीही दुकानात एकशेनव्वदच्या पुष्कळ खाली मिळत होती. आक्का तेच वाक्य अजून म्हणते, साधारण दर दसऱ्याला, सोनं लुटताना, आपट्याची पानं हातात देऊन.

मग आला 2 जून 2023. केंद्र सरकारनं तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा घातली. बातमी वाचून दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. रात्री दहाला माझ्या दारात स्कूटी उभी. पायाशी एक कट्टा, मागं एक कट्टा आणि मधे मफलर बांधलेले दाजी. जून महिन्यात मफलर! "धाड पडली तर? दोन दिवस ठेवा तुमच्याकडं." मी बातमी नीट वाचून दाखवली. मर्यादा घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, किरकोळ दुकानदाराला 5 टन. घरातल्या माणसाचा त्यात उल्लेखच नाही. तुमचा सगळा स्टॉक मिळून दोन क्विंटल भरणार नाही. मला वाटलं, सुटकेचा श्वास टाकतील. उलट दाजींचा चेहरा पडला. बराच वेळ कट्ट्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे आपण हिशेबातच नाही?"

त्या अपमानावर फुंकर पुढच्याच महिन्यात पडली. 20 जुलैला सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीवर झुंबड उडाली. दाजींचा मुलगा तिकडं नोकरीला असतो. हा पोरगा लहानपणी बापाच्या पोत्यांना लाजून मित्रांना घरी आणत नसे. त्यानं रात्री फोन केला, "बाबा, मी सहा पिशव्या घेतल्या." दाजींनी फोन स्पीकरवर टाकला, आम्हाला सगळ्यांना ऐकवला, आणि मग अगदी हळू आवाजात मुलाला विचारलं, "तारीख घातलीस का?"

आक्का गरीब गाय आहे असं समजू नका. एका संक्रांतीला दाजी पेन्शनच्या कामाला पंचायत समितीत गेले होते. आक्कानं हळदीकुंकू ठेवलं आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीला वाण म्हणून एक-एक किलो हरभराडाळ लुटली. सतरा बायका. दाजी परत आले तर गल्लीभर पुरणाचा वास. त्यांनी खोलीत जाऊन पोतं चाचपलं आणि बाहेर येऊन विचारलं, "कोणतं पोतं फोडलं?" आक्का म्हणाली, "सगळ्यात जुनं." दाजी खाली बसले. "मग ठीक आहे."

आता इथवर मी हसतोय खरा, पण माझंही एक सांगून टाकतो, नाहीतर आक्का सांगेल. कळंबकडं आमची थोडी जमीन आहे. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा आकडा दाखवला, आणि तो आकडा आमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या डोळ्यांत जाऊन बसला. त्या साली काढलेलं तीस क्विंटल मी घरात रचलं. पुढच्या उन्हाळ्यात सात हजार होतं. दाजी म्हणाले, "पाव्हणं, विका." तुरीच्या भावात बुडालेल्या माणसाचं कोण ऐकतो? मी थांबलो. गल्लीतले सगळेच थांबले होते. 2024 साली हमीभाव 4892 झाला आणि बाजार चार हजारांच्या मागंपुढं घुटमळत होता. दाजी मला पणन मंडळाच्या तारण योजनेचं सांगत राहिले. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज उचला, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. "नव्वद सालापासून चाललंय हे. सरकार करतं ती योजना आणि मी केलं की वेडेपणा!" मला उत्तर सुचलं नाही. त्यातलं दहा क्विंटल अजून घरात आहे. पोत्यांवर तारीख नाही, एवढाच आमच्यात फरक.

2025 च्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या सुमारास, पाऊस वेड्यासारखा पडला. सीनेला पूर आला, परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. दाजींच्या चुलतभावाचं गाव तिकडंच. पाणी ओसरल्यावर फोन लागला: माणसं आहेत, जनावरं नाहीत, ज्वारीची पोती भिजून फुगली आणि आत कोंब आले.

दाजींनी छोटा हत्ती बोलावला. मी सोबत गेलो, पोती उचलायला. सवयीनं मी भिंतीकडची, 2022 तारखेची तूर ओढली. दाजी म्हणाले, "ती नको. ती दारातली घ्या."

दारातली म्हणजे जूनमध्ये घेतलेली. तांदूळसुद्धा नवा. मी म्हटलं, "दाजी, नंबर तिचा नाही."

ते चिडले. मास्तर पहिल्यांदा चुकलेल्या पोरावर चिडतात तसे. "त्यांच्याकडं कुकर राहिलाय का? चुलीवर शिजवायचंय. जुनी डाळ दोन तास सरपण खाती. आणि सरपण सगळं भिजलंय."

मी गप्प पोती उचलली. वाटेत माणकेश्वरच्या पुढं रस्त्यावर चिखल होता, शेतांवरची माती वाहून गेलेली, खालचा मुरूम उघडा पडलेला. दाजी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. गावात माल उतरवताना तेवढं चुलतभावजयीला म्हणाले, "वहिनी, साखरेला मुंग्या लागतील, डबा उंचावर ठेवा." भाव नाही सांगितला. एवढी डाळ पहिल्यांदाच त्या घरातून तरुणपणी बाहेर पडली होती.

परत यायला रात्र झाली. आक्कानं कुकर लावला होता. मी ओट्याजवळ बसून शिट्ट्या मोजत होतो. सहा झाल्या. सात झाल्या. आक्का म्हणाली, "बस की रं, अजून दोन हायेत."

वरण आलं. मी पहिला घास घेतला आणि सवयीनं थांबलो. दाजी मान खाली घालून भात कालवत होते. दुसरा घास झाला, तिसरा झाला. शेवटी मलाच राहवलं नाही. "दाजी, ही कितीची?"

दाजींनी वर बघितलं. "जेवा," म्हणाले.

मी चौथी वाटी मागून घेतली.