नाना घर पाहतात

बुलडाण्यात मुलगी पाहायला जाताना मामाला नेतात आणि घर पाहायला जाताना नानांना. मामा नेला तर लग्न ठरायची शक्यता तरी असते.

नाना निवृत्त तलाठी. मूळचे घाटाखालचे, नांदुऱ्याकडचे. नोकरीतली शेवटची वर्षं घाटावर गेली आणि ते इथंच राहिले. बोली मात्र खालीच राहिली. आमच्या जिल्ह्यात तालुके 13 असले तरी माणसांचे प्रकार दोनच, घाटावरचे आणि घाटाखालचे. नानांना दोन्हींचे दोष तोंडपाठ, म्हणून त्यांना दोन्हीकडून बोलावणं. चिखली रोडला प्लॉट निघाला, सुंदरखेडला रो-हाऊस निघालं, खामगावात जुना वाडा पाडून फ्लॅट उभे राहिले, की पहिला फोन नानांना. फी काही नाही. एक चहा, घरापर्यंत परत पोहोचवणं आणि दलालाला चारचौघांत गप्प करायची संधी, एवढ्यावर माणूस यायला तयार.

येताना खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात गवंड्याचा ओळंबा, नातवाची काचेची गोटी आणि जुनं रुपयाचं नाणं. गोटी फरशीवर सोडायची. ती ज्या कोपऱ्याकडे पळेल तिकडे घर खचतंय. नाणं टाइल्सवर वाजवायचं. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसे नाना गुडघ्यावर बसून खोलीभर टकटक करत फिरतात, आणि एखादी पोकळ वाजली की मान वर न करता म्हणतात, "हे न्युमोनिया." घरमालकीण घाबरून आत जाते.

आतल्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर असलं की नाना आधी त्यावरचं साल पाहतात. दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर चांगल्या घरात उगाच टांगलेलं नसतं. नाना ते हळूच उचलतात. खाली बोट जाईल एवढी भेग.

"हे काय व्हय?"

"प्लास्टरची चीर आहे नाना, केसाएवढी," दलाल म्हणतो.

"केस? मंग भांग कुठून पाडला इचा?"

घाटाखालच्या भेगांचं नानांना वेडच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्या तालावर नाचतं. तिथं पाया खणताना काळी माती काढून मुरूम भरावा लागतो, खाली सगळीकडून प्लिंथ बीम फिरवावा लागतो. हे सगळं झालंय की नाही ते बांधून झाल्यावर दिसत नाही, म्हणून नाना घराला न विचारता झाडांना विचारतात. कुंपणाशी मोठा निंब आणि त्याच बाजूची भिंत तिरपी तडकलेली दिसली, की ते झाडाकडे बोट करून म्हणतात, "याच्या मुळ्या घरातलं पानी पेऊन ऱ्हायल्या."

पण भिंत, पाया, फरशी हा सगळा नानांचा रियाज. खरा राग पुढे आहे, आणि तो पाण्याचा.

बाहेरगावाहून बदलून आलेला माणूस घर पाहताना विचारतो, खोल्या किती? नाना विचारतात, "नळ कितव्या दिवशी येते?" दलाल सांगतो, "तिसऱ्या." नाना उत्तर ऐकतही नाहीत. ते जिन्यानं गच्चीवर जातात आणि आजूबाजूच्या घरांवरचे ड्रम मोजतात. त्यांचा हिशेब साधा आहे. गल्लीत घरटी एक टाकी म्हणजे दलाल खरं बोलतोय. टाकी आणि दोन ड्रम म्हणजे आठवडा. टाकी, चार ड्रम, अंगणात सिमेंटचा हौद आणि मोरीत झाकण लावलेली पितळी घागर म्हणजे या गल्लीत लेक द्यायची नाही. माणसं खोटं बोलतात, ड्रम बोलत नाहीत. मग ते खाली उतरून नळाच्या तोटीपाशी वाकतात. तिथं टिल्लू पंप जोडल्याच्या खुणा दिसल्या की शेजाऱ्याच्या तोटीकडे जातात. तिथंही असल्या, तर निकाल लागला. पहिला टिल्लू पाणी ओढतो, दुसरा त्याच्याकडून ओढतो, आणि ज्याच्याकडे टिल्लू नाही तो येळगाव धरण भरल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचतो. पैनगंगा आमच्याच जिल्ह्यात उगम पावते, येळगावचं धरण तिच्यावरच आहे, आणि तरी बुलडाण्याच्या बायका नळाच्या दिवशी माहेरी जात नाहीत.

एकदा एका गुरुजींसाठी घर पाहत होतो. मालक वास्तुशास्त्राचा जाणकार. ईशान्येला पाणी आहे, हे घराचं भाग्य आहे, असं त्यानं सांगितलं. नाना म्हणाले, "राजेहो, कोन्त्याबी दिशेले असू द्या. येते काय, थे सांगा."

घाटाखाली तर दुसरीच परीक्षा. शेगाव, संग्रामपूर, नांदुरा, जळगाव जामोद या बाजूला पूर्णेकाठी खारपाणपट्टा. बोअर मारलं की पाणी लागतं, पण ते खारट. तिथल्या घरात शिरल्यावर नाना आधी हात धुवायला साबण मागतात. मालक खूश होतो, पाहुणा स्वच्छतेचा आहे म्हणून. नाना मोरीत उभे राहून वडी घासत राहतात, घासत राहतात. फेस येत नाही. मग बादलीच्या काठावरचा पांढरा थर नखानं खरडतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "वैनी, तुरीची डाळ किती शिट्ट्यांत शिजते वो?" आतून खरं उत्तर येतं. बायका नानांशी खोटं बोलत नाहीत, कारण नाना खरेदीखत घेणाऱ्या घरच्या वैनीच्या नावावर करायला लावतात. 2021 पासून घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हे ते प्रत्येक बैठकीत नवऱ्यासमोर मुद्दाम मोठ्यानं सांगतात.

कागदांपाशी आले की नाना पुन्हा तलाठी होतात. चष्मा बदलतात, आवाज बदलतो. सुंदरखेड, सागवन ही गावं बुलडाण्याला खेटून. तिथं घर घेणारा पत्ता बुलडाण्याचा सांगतो, पण कर भरतो ग्रामपंचायतीत. मालक मोठ्या अभिमानानं नमुना आठ पुढे करतो. नाना तो दोन बोटांत धरतात. "ही कर आकारणी हाये. घरपट्टी भरून मालक होता आलं असतं तं म्या आतालोक चार वाड्यांचा मालक झालो असतो." मग सातबारा, मग अकृषिक परवानगीचा आदेश, मग लेआउटचा मंजूर नकाशा, मग फेरफार, मग 30 वर्षांचा शोध. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यापाशी ते इतका वेळ थांबतात की मालकाला घाम फुटतो. जमीन अकृषिक न करताच कोणी गुंठ्यागुंठ्यानं विकली असेल तर ते कागद उलटा करून टेबलावर ठेवतात आणि चहा मागतात. चहा झाला की उठायचं, हा इशारा.

जमीन वडिलोपार्जित निघाली तर एकच प्रश्न. "बहिनीची सही कुठाय?"

"ती पुण्यात आहे. तिला काही नकोय."

"नकोय, थे तिनं म्हनलं पाह्यजे. तुमी काहून म्हनता?"

2005 साली कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. नाना ही दुरुस्ती सांगताना हमखास मालकाच्या बायकोकडे पाहतात. एका घरी याच प्रश्नावर व्यवहार मोडला आणि मालकाची बायको दुसऱ्याच दिवशी आपल्या माहेरच्या सातबाऱ्याची चौकशी करायला गेली. त्या मालकाचा नानांवर अजून राग आहे, आणि मला वाटतं तो रास्त आहे.

शेजाराची पाहणी नाना एकटे करतात. तिला दलाल चालत नाही, घेणारा चालत नाही. ते पिठाच्या गिरणीवर जाऊन बसतात. घरात भांडणं किती, पाहुणे किती, कोणाचं लेकरू दहावीला आहे, हे गिरणीवाल्याला दळणाच्या डब्यावरून कळतं असं त्यांचं म्हणणं. किराणा दुकानदाराला ते फक्त एवढंच विचारतात की इथं उधारीची वही किती जाड आहे. मग लेआउटमधली मोकळी जागा शोधायची. नकाशावर तिथं बाग असते. प्रत्यक्षात गजानन महाराजांचं मंदिर आणि बाजूला पत्र्याचा सभामंडप. नाना बाहेर चपला काढून मनोभावे हात जोडतात, आणि वळल्यावर विचारतात, "भोंग्याचं तोंड कोन्या घराकडे हाये?" प्रगटदिनाच्या भंडाऱ्याला ते स्वतः पंगतीत वाढायला असतात, पण म्हणून मंडपाला लागून घर घ्यायचं, असं त्यांच्या मते महाराजांनीही सांगितलेलं नाही.

घर पाहावं कसं हे जिल्ह्यात एकालाच कळलं, असं नाना म्हणतात, आणि तो माणूस नव्हता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून 2019 मध्ये एक तरुण नर वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून त्याची पायपीट कळली: तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत 1,300 किलोमीटरहून अधिक चालून तो डिसेंबरमध्ये बुलडाणा आणि खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वन खात्याच्या कागदावर त्याचं नाव टी1सी1. "एवढं चालला, पन दलाल नाई घेतला," नाना कौतुकानं सांगतात. "पानी पाह्यलं, खायाचं पाह्यलं, शेजारी कोन हाये थे पाह्यलं. दुसऱ्या वाघाची कटकट नाई. मंग मुक्काम टाकला." ज्ञानगंगेत वाघीणही नव्हती, याची आठवण करून दिली की नाना म्हणतात, "मंग शांतता तं हायेच ना."

भेंडवळच्या घटमांडणीचं पीकपावसाचं भाकीत वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायला मिळतं. नानांचं बारमाही. पाहिलेल्या प्रत्येक घराबद्दल त्यांच्याकडे भाकीत तयार असतं: याचा जिना तीन पावसाळे काढणार नाही, त्याच्या मागं मंगल कार्यालय होणार, या रस्त्यावर गटार येणार ती उलट्या उताराची. गंमत अशी की ज्या घरांना नानांनी नाकारलं त्यांतली बहुतेक कोणी ना कोणी घेतलीच. माणसं तिथं राहतात, तिथं बारशी झाली, मुलं इंजिनीअर झाली. नाना त्या गल्लीतून जाताना मान वर करून जिन्याकडे पाहतात. जिना असतोच. मग ते म्हणतात, "अजून पडला नाई," आणि 'अजून'वर जरा जोर देतात.

त्यांनी बिनशर्त पसंत केलेलं घर मला एकच माहीत आहे. भिंतीला ओल होती, फरशीवर गोटी सरळ परसात गेली, दारासमोर विजेचा खांब, वास्तूच्या हिशेबानं तोंड दक्षिणेला. नाना दारातच उभे राहिले, समोरच्या घराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डोळे मिटून घ्या." समोर पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी राहत होता.

तेव्हा तुम्ही आमच्या जिल्ह्यात घर घ्यायच्या विचारात असाल तर नानांना जरूर न्या. त्यांच्याएवढं खरं सांगणारा दुसरा माणूस मिळणार नाही. घर आवडलेलं नसेल तर पहिल्याच दिवशी न्या. आवडलेलं असेल तर कागद त्यांना घरी बसून दाखवा, सह्या पुऱ्या करून घ्या, इसार देऊन टाका, आणि मग न्या. त्या दिवशी नळाचा वार असला तर बरं.